तेलाचा तांबडा दिवा

साखळी, केरी मागे टाकून चोर्ल्याचा घाट चढणारी एक जुनी मोटार डोळ्यांपुढे आणावी. भाड्याची गाडी, आत पाच माणसे, वर सामान आणि वैशाखाचे ऊन. दुसऱ्या गिअरवर अर्धा तास कण्हत ती माथ्यावर येते, चहाच्या टपरीशी उभी राहते आणि इंजिन मंद चालू असताना समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा मिणमिणू लागतो. पुढे बसलेला उतारू विचारतो, ‘‘काय हो, हा दिवा कसला?’’ चालक अॅक्सिलरेटर किंचित दाबतो, दिवा विझतो. ‘‘काही नाही साहेब, वायर हलत असेल,’’ असे म्हणून तो चहा प्यायला उतरतो.

कदाचित त्याचे म्हणणे खरेही असेल. वायरीमुळे हा दिवा लागू शकतो. परंतु ज्या दिव्याचा अर्थ चुकल्यास एका मिनिटात संपूर्ण इंजिन भंगारात जाऊ शकते, असे मोटारीत फार थोडे दिवे आहेत, आणि हा त्यांपैकी पहिला. पेट्रोल संपले तर गाडी थांबते, बॅटरी उतरली तर ती सुरू होत नाही. त्यात नुकसान वेळेचे होते. तेलाचा दाब गेला तर गाडी मात्र चालत राहते, आणि घात होतो तो तेवढ्या चालण्यानेच.

इंजिनातील वंगणाचे काम साध्या तेलपाण्यासारखे आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. बिजागरीला तेल घातले म्हणजे ती कुरकुरत नाही, तसेच काहीसे. वस्तुस्थिती फार निराळी आहे. क्रँकशाफ्ट हा जाड पोलादी दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांना तो चालू स्थितीत स्पर्शच करीत नाही. दोहोंच्यामध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकी, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी कमी. त्या पापुद्र्यावर दांडा अक्षरशः तरंगतो.

हे प्रथम ध्यानात आले ते मोटारीमुळे नव्हे, आगगाडीमुळे. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. त्याने बूच बसवले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग तेथे दाबमापक लावल्यावर असे दिसले की, आतल्या तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी भाराच्या कितीतरी वर आहे. टॉवरचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला आणि १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने त्यामागचे गणित मांडले. फिरणारा दांडा तेलाला आपल्याबरोबर ओढून पाचरीसारख्या अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो, आणि त्या पाचरीत उत्पन्न झालेला दाबच सारा भार उचलून धरतो.

मग ऑइल पंपाचे काम काय? भार उचलणे हे नव्हे; पाचरीसाठी तेल कधीही कमी पडू न देणे, हे. बेअरिंगच्या दोन्ही कडांनी तेल सतत बाहेर पाझरून खालच्या चेंबरमध्ये पडत असते आणि पंप तेच तेल जाळीतून ओढून, फिल्टरमधून गाळून पुन्हा वर पाठवतो. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे निदान तिच्यावर उभे आहे. पंप दाब निर्माण करीत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो त्या तेलाच्या वाटेतील अडथळ्याने. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाण्याला जोर येतो, बोट काढले की धार तीच राहते पण जोर जातो. इंजिनात हे ‘बोट’ म्हणजे बेअरिंगमधील अरुंद फट. सारांश, दाब कमी झाला तर एक तर तेल पोहोचत नाही, किंवा पोहोचलेले तेल सैल वाटेने निसटून जात आहे. तिसरी शक्यता एवढीच की, दाब ठीक आहे आणि सांगणारा खोटे सांगतो आहे.

प्रथम या तिसऱ्या शक्यतेचा निकाल लावणे सोपे व स्वस्त असते; पण त्याहीपूर्वी एक काम आहे. चालत्या गाडीत दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, तर गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे. ‘एवढा घाट उतरू’, ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार येथे चालत नाही. मात्र किल्ली फिरवायची ती गाडी थांबल्यावर. ज्या गाड्यांना सुकाणूचे कुलूप आहे त्यांत धावताना किल्ली पूर्ण फिरवणे म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात पडणे होय.

गाडी सपाट जागी आणून पाचदहा मिनिटांनी तेलाची कांडी ओढून पाहावी. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर निम्मे निदान झाले. तेल गेले कोठे, एवढेच शोधायचे उरले. वळणावर किंवा ब्रेक मारताच दिवा लागत असेल तर तेही बहुधा कमी तेलाचेच लक्षण, कारण तेल एका अंगास सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. पण कांडीवर तेल भरपूर दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. वरच्या खुणेच्या पुष्कळ वर तेल भरले असेल तर क्रँक त्यात आपटून त्याचा फेस करते, आणि फेसावर काही तरंगत नाही. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झाले आहे. ते दुधी, कॉफीसारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. मग दाबाचा विचार मागाहून, आधी हेड गॅस्केटचा. कांडी पाहणे हे काम इतके साधे आहे की, गॅरेजमध्येही ते पुष्कळदा सर्वांत शेवटी होते!

आता त्या ‘वायरी’कडे वळू. दिव्याची रचना अगदी सोपी आहे. इंजिनाच्या अंगावर, तेलाच्या मुख्य वाटेवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. दाब नसला की त्यातील संपर्क जुळून दिवा लागतो, दाब आला की संपर्क सुटून दिवा विझतो. म्हणून स्विचवरची वायर काढून किल्ली फिरवली असता दिवा विझला पाहिजे. तरीही तो लागलेलाच राहिला तर वायर कोठेतरी घासून इंजिनाच्या लोखंडाला टेकली आहे. याच्या उलट, वायर जागेवर असून इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवताना दिवा मुळीच लागला नाही, तर त्यात समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. ते भलतेच समाधान आहे. बल्ब उडालेला दिवा म्हणजे झोपी गेलेला पहारेकरी.

आणखी एक मर्यादा ओळखून असावे. बहुतेक स्विच दर चौरस इंचास सुमारे चार ते सात पौंडांच्या दरम्यान काम करतात. अँबॅसॅडर मोटारीत, मॉरिस ऑक्सफर्डबरोबर आलेले जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन पुष्कळ वर्षे होते, त्यात गाडी चालताना सुमारे ५० पौंड व मंद गतीत १५ पौंडांच्या आसपास दाब योग्य मानला जाई. म्हणजे ५० वरून १० पर्यंत घसरण झाली तरी दिवा गप्पच राहणार. दिवा हा इशारा देत नाही, जवळजवळ निकालच सांगतो. जुन्या गाड्यांतील काट्याचे दाबमापक या दृष्टीने अधिक प्रामाणिक होते. अलीकडच्या काही गाड्यांत काटा दिसतो खरा, परंतु त्याच्यामागे तोच साधा स्विच असतो, आणि काटा मध्यावर ठेवण्याचे काम शोभेपुरते चालते.

म्हणून शंका आली की स्विच काढून त्याच आट्यांत यांत्रिक दाबमापक बसवणे, हाच खरा उपाय. इंजिन पूर्ण तापवावे, मंद गतीवरचा आकडा टिपावा, मग मिनिटाला दोनतीन हजार फेऱ्यांवरचा टिपावा आणि दोन्ही त्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. पुस्तिका नसेल तर दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा मिस्त्रीलोकांचा जुना ठोकताळा आहे. तो प्रत्येक इंजिनाला लागू पडत नाही, पण दिशा दाखवतो. थंड इंजिनावरचा आकडा मात्र कोणी सांगितला तर तो ऐकून सोडून द्यावा. चाळीस अंश सेल्सिअसला तेल जितके घट्ट असते त्याच्या साधारण दशांशावर ते शंभर अंशांना येते. सकाळी थंड इंजिनात झिजलेल्या बेअरिंगांवरही काटा ताठ उभा राहतो. जुनी गाडी विकणारा ती सकाळीच का दाखवतो, हे यावरून समजावे.

आकडे मिळाले की रोग बराचसा आपणहून बोलू लागतो. तेल बदलून, फिल्टर नवा घालून गाडी सुरू केली आणि दाब आलाच नाही, तर दोष बहुधा त्याच दिवसाच्या हातकामात असतो: जुन्या फिल्टरची रबरी कडी जागेवरच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, किंवा पंपातील तेल उतरून त्यात हवा अडकली. गाडी काही काळ उत्तम चालते, वेगात दाब पडतो आणि थोडे थांबल्यावर पुन्हा येतो, तर जाळी तुंबली आहे. इंजिन थांबले की चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो. अलीकडच्या काही इंजिनांत तेलात बुडून चालणारा रबरी पट्टा असतो, त्याचा भुगाही नेमका याच जाळीवर येऊन बसतो. खेड्यांच्या वाटेवर दगड लागून चेंबर आत चेपले जाते आणि जाळीच्या तोंडाशी येते, हे कारण आपल्याकडे विसरू नये. गाडीखाली वाकून पाहण्यास पैसा पडत नाही.

सर्व वेगांत दाब सारखाच कमी असेल तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर जातो. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून ठेवलेली ही स्प्रिंगची झडप. तिच्या बैठकीत एखादा कण अडकला किंवा स्प्रिंग खचली की तेल बेअरिंगकडे जाण्याऐवजी परत चेंबरमध्ये वळते. अँबॅसॅडरच्या त्या इंजिनात ही झडप बाजूला एका घुमटाकार नटाखाली असे आणि इंजिन न उघडता काढून धुता येई. दुरुस्ती दहा मिनिटांची. ती आधी न पाहता इंजिन खोलणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला फार महाग पडतो.

आता चोर्ल्याच्या माथ्यावरची ती गाडी. तेथे दिवा लागला तो तापलेल्या इंजिनावर आणि मंद गतीत. फेऱ्या वाढताच विझला. वायर टेकली असती तर ती अॅक्सिलरेटरला भिऊन सुटली नसती. समजा, कांडीवर तेल पुरेसे आहे, झडप स्वच्छ आहे आणि दाबमापक गरम इंजिनावर मंद गतीत पाच पौंड, वेगात पंचवीस पौंड दाखवतो. हे चित्र बहुतेक वेळा झिजलेल्या बेअरिंगांचे असते. येथे एक हिशेब विलक्षण आहे. नव्या बेअरिंगची फट साधारण एक ते अडीच सहस्रांश इंच; आणि अशा फटीतून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. एवढा पुरवठा मंद फिरणारा पंप करू शकत नाही. झीज वर्षानुवर्षे मुकाट चालते आणि दिवा मात्र एके दिवशी अकस्मात लागतो, याचे कारण हेच.

या अवस्थेत तीन ‘उपाय’ सर्रास केले जातात: अधिक घट्ट तेल घालणे, झडपेच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून ती आवळणे आणि दिव्याची वायर काढून टाकणे. पहिल्याने थोडे दिवस निभतात. दुसऱ्याने सैल बेअरिंग घट्ट होत नाही. तिसऱ्याविषयी काही न बोललेलेच बरे. पण तो करणारे आहेत. घाटात इंजिनातून खोल, जड ठोक्याचा आवाज येऊ लागला की या तिन्हींची मुदत संपते. तापून वितळलेले बेअरिंग दांड्याला धरते, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो, आणि भाड्याच्या गाडीवर घर चालवणाऱ्याचे कित्येक महिन्यांचे उत्पन्न रस्त्यावर सांडते.

वेळेवर थांबलेल्याचा खर्च पुष्कळ कमी असतो. फिल्टर कापून त्यात लोहचुंबकाला न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चमक दिसते का पाहावे. ती बेअरिंगची धातू. मग चेंबर उतरवून बेअरिंगच्या टोप्या एकेक करून काढाव्यात. पृष्ठावर तांबे उघडे पडले असेल तर नवे बेअरिंग घालणे आले. परंतु तत्पूर्वी क्रँकचे गळे मायक्रोमीटरने मोजलेच पाहिजेत. ते लंबगोल झाले असतील तर दहा किंवा वीस सहस्रांश इंच घासून त्या मापाचे बेअरिंग घालावे लागते. बेळगाव-कोल्हापुराकडे हे काम जाणणारे कारागीर मिळतात. चेंबर उतरलेलेच आहे तेव्हा पंप उघडून त्याच्या चक्रांची फट पाहणे आणि जाळी धुणे, हे त्याच मजुरीत होते.

इंजिन पुन्हा जुळवल्यावर ते लगेच सुरू करण्याचा मोह आवरावा. नव्या बेअरिंगांत अजून तेल पोहोचलेले नसते. जुने मिस्त्री पंपात थोडे व्हॅसलिन भरतात, म्हणजे पहिल्याच फेऱ्यांत तो तेल ओढू लागतो. प्लग काढून ठेवावेत, मध्ये थोडी विश्रांती देत स्टार्टरने इंजिन रिकामे फिरवावे आणि दाबमापकाचा काटा हलेपर्यंत, तांबडा दिवा विझेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतरच प्लग बसवून किल्ली फिरवावी.