पडद्यामागची चिप

मुलांनो, संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तुम्ही कधी अगदी जवळून पाहिले आहे का? ते रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. जुन्या साध्या पडद्यावर एका ओळीत ६४० ठिपके आणि अशा ४८० ओळी असत. म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके! चित्र स्थिर दिसावे म्हणून ते एका सेकंदात सुमारे ६० वेळा नव्याने काढावे लागे. हे काम एक वेगळी चिप करत असे. चिप म्हणजे सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. त्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य विद्युत परिपथ कोरलेले असतात.

अशा चिप तयार करणाऱ्या एका कंपनीचे पहिले नाव 'पाटील सिस्टिम्स' असे होते. आपल्या जवळा बाजारात 'अहो पाटील' अशी हाक मारली, तर दोन-चार माणसे सहज वळून पाहतील. हे पाटील मात्र अमेरिकेत होते. सुहास पाटील यांचा जन्म १९४४ साली जमशेदपूरला झाला. त्यांनी खरगपूरच्या आयआयटीतून पदवी घेतली, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते युटा विद्यापीठात शिकवू लागले.

त्या काळी चिपचा आराखडा काढणे फार वेळखाऊ काम होते. पाटील यांनी चिपचे भाग ठरावीक चौकटींच्या जाळीत बसवण्याची पद्धत शोधली. त्यामुळे आराखड्याचे बरेचसे काम संगणकाकडून करून घेता येऊ लागले. याच पद्धतीच्या बळावर त्यांनी १९८१ मध्ये कंपनी काढली. १९८४ मध्ये ती कॅलिफोर्नियात गेली आणि 'सिरस लॉजिक' झाली. सिरस म्हणजे आकाशात खूप उंचावर दिसणारे पिसांसारखे ढग.

सुरुवातीला ही कंपनी हार्ड डिस्कसाठी चिप बनवत असे. मग ती चित्रांकडे वळली. पडद्यावरची चौकट थोडी बाजूला सरकवायची असली, तरी पूर्वी संगणकाच्या मुख्य चिपलाच एकेक ठिपका हलवावा लागे. मुकादमानेच विटा वाहाव्यात, तसा हा प्रकार होता! सिरसच्या नव्या चिपला मात्र एकच हुकूम पुरे. सगळे ठिपके ती स्वतः हलवी आणि मुख्य चिप दुसऱ्या कामाला मोकळी राही. पुढच्या काही चिप तर चलचित्राची छोटी चौकट मोठी करूनही दाखवत. १९९० नंतरच्या काही वर्षांत असंख्य संगणकांत सिरसच्या चिप बसल्या.

पण लवकरच संगणकावर त्रिमितीय खेळ आले. त्यांतील चित्रांसाठी फार वेगाने गणिते करावी लागतात. या शर्यतीत इतर कंपन्या पुढे गेल्या. सिरसने प्रयत्न केला, पण तो पुरा पडला नाही. अखेर तिने चित्रांचा व्यवसाय सोडला. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण तिच्या हाती दुसरे कसब होते. १९९१ मध्ये तिने आवाजाच्या चिप बनवणारी 'क्रिस्टल सेमीकंडक्टर' ही कंपनी विकत घेतली होती. तेच काम पुढे मुख्य झाले. आता सिरसच्या चिप मोबाइल फोनमधील आवाज सांभाळतात.

तिच्या चित्रांच्या चिप आता बनत नाहीत. तरी 'क्यूईएमयू' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या एका जुन्या चिपची नक्कल आहे. हे सॉफ्टवेअर एका संगणकात दुसरा संगणक असल्याचा भास निर्माण करते. त्या दुसऱ्या, खऱ्या नसलेल्या संगणकाचे ठिपके सिरसची ती चिप अजूनही रंगवू शकते.