थुंकीच्या नमुन्यावरची परीक्षा

रुग्णाने सकाळी आणलेली थुंकीची डबी आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनच्या हातात येते. तो तिच्यात थुंकी पातळ करणारे द्रावण घालतो, डबी हलकेच फिरवतो आणि दहा मिनिटे तशीच ठेवतो. चिकट बेडका सैल झाला की त्यातला थोडा भाग दुसऱ्या द्रावणात जातो आणि तिथे जंतूंचे कवच फुटते. मग ते मिश्रण भरलेले कार्ट्रिज यंत्रात बसते आणि वीसेक मिनिटांत डीएनए वेगळा होतो. त्यातले सहा मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी, पिपेटने उचलून अभिकारकात मिसळायचे आणि चिपवर सोडायचे. इथे हात हलला तर सगळी मेहनत वाया!

तासाभरात पडद्यावर उत्तर येते. क्षयाचे जंतू सापडले, तर त्याच डीएनएवर दुसरी चिप चालवून रिफॅम्पिसिन या औषधाला ते दाद देतील का, तेही कळते.

ही चाचणी म्हणजे ट्रूनॅट. यंत्र बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. अशीच चाचणी करणाऱ्या परदेशी जीनएक्सपर्ट यंत्राला स्थिर वीज आणि माफक तापमान लागते, त्यामुळे ते बहुधा मोठ्या रुग्णालयांतच राहिले. खेड्यात भिस्त होती सूक्ष्मदर्शकावर. पण थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू असल्याशिवाय काचपट्टीवर ते सहसा दिसत नाहीत.

ट्रूनॅटची मूळ कल्पना बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जची, उत्पादन गोव्यातल्या मोलबायोचे. सुरुवातीच्या संशोधनाला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, ‘निमिटली’ योजनेतून पैसा मिळाला. कंपनीने जोखीम घ्यायची आणि सरकारने त्यातला काही भार उचलायचा, अशी ती योजना. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या नमुन्यांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण यंत्र बनले म्हणजे सरकार ते विकत घेईल असे नाही. ते खरे सांगते का, हे ठरवायला संशयित रुग्णांचे शेकडो नमुने हवेत, आणि प्रत्येक नमुन्याचा जंतुसंवर्धनाचा निकालही हवा. क्षयाचे जंतू इतके सावकाश वाढतात की त्या निकालाला कित्येक आठवडे लागतात आणि त्यासाठी कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते. नव्या कंपनीजवळ ना रुग्ण, ना तशी प्रयोगशाळा. शिवाय स्वतःच्या यंत्राला तिने स्वतःच दिलेले प्रशस्तिपत्र कोण मानणार?

ते काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पुढे नेले. ५० जिल्ह्यांतल्या १०० थुंकी-तपासणी केंद्रांत यंत्रे बसवून त्यांची व्यवहार्यता पाहिली गेली. तिथे प्रश्न विज्ञानाइतकेच रोजच्या कामाचे होते: धुळीत यंत्र टिकते का, तिथला टेक्निशियन पिपेट नीट धरतो का, डोक्यावर रुग्णांची रांग असताना ही सगळी पावले पाळली जातात का.

पुढचा अभ्यास ‘फाइंड’ या जिनिव्हास्थित संस्थेने भारत, इथिओपिया, पेरू आणि पापुआ न्यू गिनीत केला. त्यात १,८०७ जण सहभागी झाले. सूक्ष्मदर्शक केंद्रांमध्ये ‘एमटीबी प्लस’ या चिपने जंतुसंवर्धनात क्षय सिद्ध झालेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण पकडले. काचपट्टीवर जंतू न दिसलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. कंपनीच्या माहितीपत्रकात असा आकडा ठळक छापला जाणे अवघड. तटस्थ संस्थेच्या अहवालात तो होता, त्यामुळे यंत्र कुठे वापरायचे आणि त्यावर किती विसंबायचे, हे आरोग्य विभागांना ठरवता आले.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटची शिफारस केली आणि नायजेरिया, युगांडा, फिलिपिन्स अशा देशांत यंत्रे पोचू लागली. त्याच वर्षी आयसीएमआरच्या मान्यतेने ती कोविडसाठीही जुंपली गेली. टेक्निशियनला यंत्र ओळखीचे होते, चिप नवी होती. थुंकी काढू न शकणाऱ्या लहान मुलांची तपासणी मात्र अजूनही अवघड आहे, आणि पिपेटची ती पायरीही टेक्निशियनच्या हातावरच अवलंबून आहे.