मोटारीचे कवच आणि त्यातली पाण्याची वाट

विजेवर चालणाऱ्या गाडीची मोटार अॅल्युमिनियमच्या ओतीव कवचात बसते. या कवचाला कारखान्यात हाउसिंग म्हणतात. मोटार धरून ठेवणे हे त्याचे उघड काम. तिची उष्णता वाहून नेणे हे अवघड काम. 2023 साली बाजारात आलेल्या, नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही400 च्या मोटारीची कमाल शक्ती 110 किलोवॉट आहे. एवढ्या ताकदीची मोटार 95 टक्के कार्यक्षम धरली, तरी पूर्ण जोरात चालताना सुमारे 6 किलोवॉट उष्णता तयार होते, म्हणजे घरातले तीन गिझर एकदम चालू असावेत तेवढी. सपाट रस्त्यावर एवढा जोर लागत नाही. मे महिन्यात भरल्या गाडीने कसारा घाट चढताना मात्र मोटारीला उसंत नसते, आणि फार तापली तर आतल्या चुंबकांची शक्ती घटते, तारांवरचे आवरण खराब होते.

म्हणून कवचाच्या भिंतीतच पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळवतात. ही वाट नागमोडी किंवा मळसूत्री असते, आणि भिंतीच्या पोटात अशी पोकळी ठेवून धातू ओतणे हीच सगळी मेख आहे.

सर्वांत वेगवान पद्धत हाय प्रेशर डाय कास्टिंगची. तिच्यात वितळलेला धातू सेकंदाला 30 ते 60 मीटर वेगाने पोलादी साच्यात घुसतो. पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा साधा गाभा, म्हणजे कोअर, या माऱ्यापुढे टिकत नाही. त्यामुळे आतली नळी आणि बाहेरचे कवच वेगळे ओततात, आणि रबरी ओ-रिंग किंवा घर्षण-वेल्डिंगने सांधतात. उत्पादन झपाट्याने होते, पण जितके सांधे तितक्या गळतीच्या जागा.

दुसरी पद्धत कमी दाबाची. बंद भट्टीत एक बारहूनही कमी दाबाची हवा सोडली, की सुमारे 700 अंश सेल्सिअसचा धातू उभ्या नळीतून संथपणे साच्यात चढतो. आत राळ लावलेल्या वाळूचा कोअर ठेवलेला असतो आणि तो शाबूत राहतो. धातू गोठल्यावर कास्टिंग हादरवून कोअर फोडतात, आणि वाळू त्यासाठी राखलेल्या भोकांतून बाहेर काढतात. वळणात चिमूटभर वाळू अडकली तरी ती पुढे पाण्याच्या पंपात जाते. म्हणून आत बारीक कॅमेरा घालून पाहणी होते. एकसंध कवचासाठी ही पद्धत संथ असली तरी अधिक भरवशाची.

मिश्रधातूही पद्धतीप्रमाणे बदलतो. हाय प्रेशरला बहुधा एडीसी12 वापरतात. तो साच्यात छान भरतो, पण शुद्ध अॅल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी उष्णता वाहतो. कमी दाबाला सुमारे 7 टक्के सिलिकॉनचा एलएम25 चालतो. उष्णता देऊन, पाण्यात विझवून, पुन्हा मंद तापवला की तो मजबूत होतो.

ओतकामाचा खरा शत्रू हायड्रोजन. वितळलेले अॅल्युमिनियम ओलाव्यातून हा वायू शोषते आणि गोठताना बाहेर टाकते. मागे राहतात ती सुईच्या अग्राएवढी छिद्रे. पावसाळ्यात दमट हवा, ओल्या विटा, ओले चमचे सगळेच घातक. म्हणून हत्यारे आधी तापवतात आणि फिरत्या दांड्याने धातूत नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून वायू काढतात.

गळती तपासण्यासाठी कवचाला हवेच्या दाबाची चाचणी द्यावी लागते, आणि तीही मशीनिंगनंतर. कास्टिंगची वरची कातडी दाट असते; ती कापली गेली की खालची छिद्रे उघडी पडतात.

नाशिकच्या सातपूर, अंबड भागातल्या वर्कशॉपना डिझेल इंजेक्टरच्या कामामुळे मायक्रॉनमधल्या मापांची सवय आहे. कवचाचे भोक कापताना ती कामी येते. कवच तापवून फुगवतात आणि त्यात मोटारीचा पोलादी स्टेटर, म्हणजे तिचा स्थिर भाग, सरकवतात. 200 मिलिमीटर व्यासाचे भोक 150 अंशांनी तापवले, तर जवळपास 0.7 मिलिमीटरने वाढते. थंड झाल्यावर कवच स्टेटरला आवळते. मात्र चालताना दोन्ही तापतात, आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणजे पकड ढिली होते. आवळ कमी ठेवला तर स्टेटर फिरतो, जास्त ठेवला तर थंडीच्या दिवसांत पाण्याच्या वाटेची पातळ भिंत तडकते. म्हणून भोकाचे माप ठरवताना गाडीचे सर्वांत गार आणि सर्वांत गरम दोन्ही दिवस धरावे लागतात.