राजीनाम्यांच्या नोंदीत हरवलेली कपात

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी केंद्रीय कर्मचाऱ्यांची वसाहत. इथल्या वडीलधाऱ्यांचे आयुष्य मंत्रालयांच्या फायलींत गेले. त्यांची मुले मात्र आयएनए स्थानकावर पिवळ्या मार्गिकेची मेट्रो पकडतात, सिकंदरपूरला गाडी बदलतात आणि गुरुग्रामच्या सायबर सिटीत उतरतात. एकाच घरात नोकरीच्या दोन व्यवस्था नांदतात; त्यांच्यातील अंतर केवळ पगाराचे आहे, असे आपण उगाच मानत आलो आहोत.

अलीकडे इथल्या काही सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांशी मी सविस्तर बोललो. काही तक्रारी अपेक्षितच होत्या: अमेरिकेतील ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाला सुरू होणाऱ्या बैठका, रविवारी येणारे संदेश, प्रकल्प संपल्यावर ‘बेंच’वर बसण्याची घालमेल. मी थबकलो तो एका तरुणीच्या अनुभवापाशी. सहा वर्षे सॉफ्टवेअर चाचणीचे काम केल्यानंतर एके दुपारी तिला मनुष्यबळ विभागाने व्हिडीओ कॉलवर बोलावले. आजच राजीनामा पाठवलात तर दोन महिन्यांचे वेतन आणि अनुभवाचे स्वच्छ प्रमाणपत्र. न पाठवल्यास कामगिरी असमाधानकारक असल्याचा शेरा. वीस मिनिटांत तिने राजीनामा लिहून दिला. कक्ष अधिकारी असलेल्या वडिलांनी रात्री एवढेच विचारले, ‘पण आरोपपत्र कुठे आहे?’ त्यांच्या जगात नोटीस, खुलासा आणि चौकशी या पायऱ्या उतरल्याशिवाय कुणालाही घरी पाठवता येत नाही. तिच्यावर तर आरोपच नव्हता.

कागदोपत्री ही तरुणी स्वेच्छेने गेली. इथेच धोरणाचा खरा प्रश्न सुरू होतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई आणि सरकारला सूचना देणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही चौकट कायम ठेवली आणि तिला एक चांगली जोडही दिली: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते ४५ दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. मात्र ‘कपात’ हा शब्द कागदावर आला तरच हे सारे घडते. राजीनामा आला की नोटीस नाही, भरपाई नाही, निधी नाही आणि सरकारदरबारी नोंदही नाही.

यावर ठरावीक उत्तर येते की, सॉफ्टवेअर अभियंता हा कामगारच नव्हे. हा समज कंपन्यांइतकाच कर्मचाऱ्यांनीही जपला आहे. गळ्यातल्या ओळखपत्राला ‘कामगार’ हा शब्द रुचत नाही. प्रत्यक्षात १९४७ च्या व्याख्येत तांत्रिक काम स्पष्टपणे येते आणि वेतनाची मर्यादा फक्त पर्यवेक्षकांना लागू होते. ही मर्यादा आधी १० हजार रुपये होती, नव्या संहितेत ती १८ हजार झाली. म्हणजे लाखभर रुपये कमावणारी, पण स्वतः चाचण्या करणारी व्यक्ती केवळ पगारामुळे कायद्याबाहेर जात नाही. ‘मॅनेजर’ हे पदनामही निर्णायक नसते. एका मोठ्या कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या अभियंत्याला चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये कामगार मानले आणि वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. मात्र त्यासाठी सात वर्षे लागली. गृहकर्जाचे हप्ते भरणारी किती माणसे इतकी वाट पाहू शकतील?

उद्योगाची बाजू पोकळ नाही. कंत्राटे संपतात, तंत्रज्ञान बदलते, कृत्रिम बुद्धिमत्ता काही कामे गिळते आहे. मनुष्यबळ कमी करण्याचा अधिकार कंपनीला असावा, हे मला मान्य आहे. पण तो अधिकार उघडपणे वापरला जावा. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा देशभर वाद झाला. तो होऊ शकला, कारण चर्चेला एक आकडा होता. एकेका व्हिडीओ कॉलवर मिळवलेल्या राजीनाम्यांना असा आकडा नसतो.

वडिलांच्या पिढीचे संरक्षण आकाशातून पडलेले नाही. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी पाच दिवसांचा देशव्यापी संप केला. तो सरकारने कठोरपणे मोडून काढला. तरीही १९६६ मध्ये सरकार आणि कर्मचारी संघटनांना एका टेबलाशी बसवणारी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. सॉफ्टवेअर क्षेत्रात असे टेबलच नाही. पुण्यातील ‘नाइट्स’ किंवा कर्नाटकातील ‘किटू’ या संघटना तक्रारी घेऊन कामगार खात्याची दारे ठोठावतात, पण त्यांच्याशी बोलणी करण्याचे बंधन कंपन्यांना जाणवत नाही.

सरकार या उद्योगाचे केवळ नियामक नाही, मोठे ग्राहकही आहे. जून २०२१ मध्ये सुरू झालेले प्राप्तिकराचे नवे संकेतस्थळ अडखळले, तेव्हा अर्थमंत्र्यांनी इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला होता. ते योग्यच होते. संकेतस्थळ बंद पडल्यावर जी तत्परता दिसते, तिचा काही अंश ते घडवणाऱ्या माणसांच्या वाट्याला का येऊ नये?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ठरावीक संख्येपेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी दर तिमाहीला राजीनाम्यांची संख्या कामगार विभागाला कळवावी. व्यवस्थापनाने मागितलेला राजीनामा सात दिवसांत मागे घेण्याची मुभा असावी. एकाच महिन्यात असे राजीनामे विशिष्ट प्रमाणाबाहेर गेले, तर ती कपात आहे असे गृहीत धरून खुलासा मागवावा. सरकारी कंत्राट मागणाऱ्या कंपनीकडून ही माहिती निविदेसोबतच घेता येईल. गुरुग्राम हरियाणात, नोएडा उत्तर प्रदेशात आणि हिंजवडी महाराष्ट्रात आहे. तेव्हा सुरुवात कोणत्याही एका राज्याने केली तरी चालेल.