धाव थांबली की कळ थांबते का?

धावताना छातीत दुखलं की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: अ‍ॅसिडिटी. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारा मुलगा असो की मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारी मुलगी, एक गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही, हेही खरं. पोटातलं आम्ल धावताना खरोखरच वर येतं. धडधाकट तरुणांच्या छातीतल्या दुखण्यामागे हृदय क्वचितच असतं. पण ते क्वचित ओळखायचं कशावरून? दुखतं कुठं, यापेक्षा दुखणं केव्हा सुरू झालं आणि केव्हा गेलं, हे जास्त कामाचं.

बरगड्यांखाली निघणारी चमक धावणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची. पोटभर पाणी किंवा सरबत पिऊन पळालं की हमखास. कधीकधी तिच्याबरोबर खांद्याचं टोकही दुखतं आणि मग माणूस घाबरतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मणक्याच्या त्याच भागात पोचते. दुखणं नेमकं कुठलं, यात मेंदूची गल्लत होते. वेग कमी करून, वाकून हाताने दाबलं की ही चमक ओसरते. आदल्या दिवशी जोर मारले असतील तर बरगड्यांच्या सांध्यांपाशी दुखतं; तिथं बोट दाबलं की तीच कळ पुन्हा उठते.

दम्याच्या प्रवृत्तीचं वेळापत्रक वेगळं. थंड, कोरड्या हवेत जोरात धावल्यावर श्वासनलिका आकसतात आणि छाती सर्वात जास्त आवळते ती बहुधा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी. सोबत खोकला, शिट्टीसारखा आवाज.

हृदयाची कळ नेमकी उलटी वागते. साधारण त्याच वेगाला, त्याच चढाला ती येते, आणि थांबलं की काही मिनिटांत जाते. ती दाखवताना माणूस बोट ठेवत नाही, मूठ किंवा तळवा ठेवतो. जबडा, गळा, हात यांतही ती जाते. याचं कारण हृदयाच्या स्नायूच्या अडचणीत आहे. स्वस्थ बसलेले असतानाही तो रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेत असतो. पायाचे स्नायू गरज पडली तर त्याच रक्तातून जास्त ओढतात; हृदयापाशी ती शिल्लक नसते. त्याला रक्तप्रवाहच चार-पाच पटींनी वाढवावा लागतो. त्यातून डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैलावतं तेव्हा. नाडी १८० झाली की एक ठोका जेमतेम एक तृतीयांश सेकंदाचा, आणि त्यात सैलावण्याचाच वेळ सर्वात जास्त कापला जातो. वाटेत कुठं अडथळा असेल तर तो इथं उघडा पडतो.

विशीत हा अडथळा बहुधा चरबीचा नसतो. (तंबाखू, किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर हे गृहीत धरू नये, दक्षिण आशियात पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो.) कधी तो जन्मजात असतो. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी चुकीच्या जागेवरून निघते, महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जाते, आणि तिचं तोंड गोल नसून काजासारखं चिरलेलं असतं. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच दहा हंगाम एनबीएत खेळला. १९८८ मध्ये, ४० व्या वर्षी, एका मैत्रीच्या सामन्यात तो कोसळला. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी धमनी नव्हतीच. दुसरं कारण, हृदयाची भिंत जाड होण्याचा आनुवंशिक विकार, दर ५०० माणसांत साधारण एकाला असतो.

घाबरून जायचं कारण नाही. अमेरिकेत २००० ते २०१० दरम्यान मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांत ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं.

मला जास्त काळजी वाटते ती ताप अंगावर काढून मैदानात उतरणाऱ्यांची. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते. अशा वेळी धावणं धोक्याचं, आणि सूज ठरली तर तीन ते सहा महिने सक्तीची विश्रांती. भरतीची तारीख तोंडावर असलेल्या मुलाला हे पटवणं किती कठीण असतं, ते त्याच्या घरच्यांना विचारा.

श्रम करतानाच येणारी कळ, धावता धावता भोवळ, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर धावणं थांबवून हृदयतज्ज्ञ गाठावा. थांबूनही कळ जात नसेल, किंवा एका बाजूला अचानक दुखून धाप लागली असेल, तर सरळ रुग्णालय. लांबसडक, सडपातळ मुलांचं फुप्फुस कधीकधी असं फुटतं.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून मात्र विषय संपत नाही. चुकीच्या जागेवरून निघालेल्या धमनीने दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्या सहा जणांची आधी ताणचाचणी, म्हणजे श्रम करताना काढलेला ईसीजी, झाली होती, त्या सहाही चाचण्या निर्दोष होत्या. म्हणून इको करताना धमन्या कुठून निघतात ते मुद्दाम बघायला सांगावं; शंका राहिली तर सीटी अँजिओग्राफी. दोष सापडला तर शस्त्रक्रिया होते, आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, चाचण्या ठीक आल्या तर, पुन्हा खेळायची परवानगी मिळू शकते.