बहुरूपी अणुसमूह

विद्यार्थ्यांनो, गावोगावी फिरणारा बहुरूपी तुम्ही पाहिला आहे का? उर्दूत आपण त्याला बहरूपिया म्हणतो. तो आज पोलीस होऊन येतो, तर उद्या डॉक्टर. सोंग बदलते, माणूस मात्र तोच राहतो. धातूंच्या जगातही असे बहुरूपी आहेत. त्यांची आज ओळख करून घेऊ.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही ज्याला 'उन्सुर' म्हणता, त्याला मराठीत 'मूलद्रव्य' म्हणतात. ॲल्युमिनियम हे एक मूलद्रव्य आहे. घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनबाहेर चहावाला ज्या पातेल्यात चहा उकळतो, ते बहुधा ॲल्युमिनियमचेच असते. आता अशी कल्पना करा, की या धातूचे मोजून १३ अणू आपण वेगळे काढले आणि त्यांचा एक समूह केला. त्यातला एक अणू मध्यभागी असतो आणि १२ अणू त्याच्या सभोवती असतात. हा इवलासा समूह ॲल्युमिनियमसारखा वागत नाही. तो क्लोरीन किंवा आयोडीनसारखा वागतो! असे का होते?

मूलद्रव्याचा स्वभाव त्याच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरतो, हे तुम्ही शिकला आहात. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात आणि जागा ८ असतात. म्हणून तो एका इलेक्ट्रॉनासाठी धडपडतो. आरगॉनची बाहेरची कक्षा भरलेली असते. म्हणून तो कोणाशी सहसा संयोग करत नाही. कॅल्शियमजवळ २ इलेक्ट्रॉन जास्त असतात. ते तो देऊन टाकतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमची सहल वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला निघाली आहे. बसमध्ये ४० जागा आहेत. ३९ मुले बसली, तर एक जागा रिकामी दिसते आणि सर आणखी एका मुलाला हाक मारतात. ४० झाली, की बस भरली. मग कोणालाही घ्यायचे नाही आणि कोणालाही उतरवायचे नाही. ४२ चढली, तर दोघांना दुसऱ्या बसमध्ये पाठवावे लागते.

अणुसमूहातही असेच घडते. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ३ असतात. समूहात ते एकाच अणूचे राहत नाहीत, तर साऱ्या समूहात फिरतात. १३ अणूंचे मिळून ३९ इलेक्ट्रॉन होतात आणि भरलेली संख्या आहे ४०. म्हणजे एक कमी! म्हणून हा समूह क्लोरीनचे सोंग घेतो. एक इलेक्ट्रॉन मिळाला, की तो आरगॉनसारखा शांत होतो. १४ अणूंच्या समूहात ४२ इलेक्ट्रॉन होतात. दोन जास्त असल्यामुळे तो कॅल्शियमच्या गटातील धातूंसारखा वागतो. अशा समूहांना 'सुपरॲटम' असे नाव मिळाले आहे.

ही केवळ कल्पना नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे वॉल्टर नाइट व त्यांच्या सहकाऱ्यांना सोडियमचे ८, २०, ४० आणि ५८ अणूंचे समूह इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळले. १९८९ मध्ये कॅसलमन यांच्या प्रयोगशाळेत ऋणभारित ॲल्युमिनियम समूहांवर ऑक्सिजन सोडला गेला. बहुतेक समूह झिजून गेले. परंतु ४० इलेक्ट्रॉनांचा, १३ अणूंचा समूह टिकून राहिला. शिव खन्ना आणि पुरु जेना या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी हा विचार पुढे नेला. २००४ व २००५ मध्ये कॅसलमन आणि खन्ना यांच्या गटांनी या समूहांचा आयोडीनशी संयोग घडवून त्यांचे सोंग पडताळून पाहिले.

धातूच्या समूहांचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातही झाला आहे. गॅलियम हा ॲल्युमिनियमच्याच गटातील धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो. मुंबईच्या दुपारी तो तळहातावर पातळ होईल. पण त्याच्या काही अणूंचा लहान समूह याहून पुष्कळ जास्त तापमानालाही घन राहतो. पुणे विद्यापीठातील (आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) दिलीप कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकावर गणिते करून दाखवले, की लहान समूहात अणूंमधील बंध अधिक बळकट असतात.

'किमया' हा मराठी शब्द आणि उर्दूतील 'कीमिया' एकच आहेत. जुने किमयागार तांब्याचे सोने करू पाहत होते. ते त्यांना साधले नाही, कारण रासायनिक क्रियेने अणूचे केंद्रक बदलत नाही. येथेही ॲल्युमिनियमचे क्लोरीन होत नाही. फक्त वागणे बदलते. मग याचा उपयोग काय? प्लॅटिनमसारखे महाग धातू कारखान्यांत रासायनिक क्रिया जलद करण्यासाठी लागतात. त्यांचे काम स्वस्त मूलद्रव्यांच्या समूहांकडून करून घेता येईल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. वाट सोपी नाही. हे समूह एकमेकांना चिकटले, तर त्यांचे सोंग उतरते आणि पुन्हा साधा धातू उरतो.

उद्या चहाचे पातेले पाहाल, तेव्हा हे आठवा. कोण आहोत याबरोबरच, किती जण एकत्र आहोत यावरही स्वभाव ठरतो. एका अणूला जे जमत नाही, ते तेरा अणू मिळून करून दाखवतात.