विमान पावणेतीन तासांचे, प्रवास दिवसभराचा

सिंगापूर आणि बाली ही जोडसहल अलीकडे अनेक ज्येष्ठांच्या मनात असते. मुले समजावतात, ‘‘बाबा, दोन बेटांमध्ये पावणेतीन तासांचे तर अंतर!’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि बालीचा न्गुराह राय विमानतळ यांत सरळ रेषेत सुमारे १,६८० किलोमीटर अंतर आहे; म्हणजे जवळजवळ मुंबई ते कोलकाता. परंतु हा झाला विमानाचा हिशेब. शरीराचा हिशेब वेगळा असतो आणि सहल ठरवताना तोच आधी मांडावयास हवा.

उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचे, तेथील लांबच लांब मार्गिका चालायच्या, उतरल्यावर पारपत्र तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, सामान घेऊन पुन्हा मोटारीत बसायचे. पावणेतीन तासांचे सात-आठ तास सहज होतात. गुडघे दुखत असोत वा नसोत, तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

खरा धोका दोन उड्डाणे जोडण्यात आहे. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. मुंबई ते सिंगापूर हेच सुमारे साडेपाच तासांचे उड्डाण. त्यालाच लागून बालीचे विमान पकडले, तर बसण्याचे तास आठांच्या पुढे जातात. म्हणून मध्ये सिंगापूरला एक-दोन रात्री विसावा घ्यावा. विमानात कडेची जागा मागावी, तासाभराने उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, कर्करोग आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी भेटावे. ‘खबरदारी’ म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

विमानातील हवा साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ आणि फार कोरडी असते. निरोगी माणसास हे जाणवत नाही. हृदयाच्या वा फुप्फुसाच्या रुग्णास जाणवू शकते. पाणी थोडे थोडे घ्यावे; मात्र ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे त्यांनी ते मोडू नये.

औषधांच्या वेळांचे गणित सोपे आहे. सिंगापूर व बाली यांचे घड्याळ एकच, आपल्यापुढे अडीच तास. तेथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा येथे साडेपाच वाजलेले असतात. मधुमेही वाचकांनी इन्सुलिनचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन व सर्व औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांबाबत दोन्ही देशांचे नियम कडक आहेत. ते आधी तपासावेत आणि चिठ्ठी सोबत बाळगावी.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांनी एक खूण ध्यानात ठेवावी : परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज व वेदना आल्यास, अथवा अचानक धाप लागून छातीत दुखू लागल्यास, ‘प्रवासाचा शीण’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.